मालकालाही ‘कारणे दाखवा’

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कारखान्यात राबणाऱ्या माणसाची ‘कारणे दाखवा’ या दोन शब्दांशी फार लवकर ओळख होते. पाळीवर दहा मिनिटे उशीर झाला, मुकादमाशी शब्दाला शब्द लागला, युनियनच्या सभेत नाव पुढे आले, की टाईप केलेला कागद हातात पडतो. अठ्ठेचाळीस तासांत खुलासा करा, अन्यथा कारवाई होईल. प्रश्न विचारण्याचा अधिकार एका बाजूला आणि उत्तर देण्याची सक्ती दुसऱ्या बाजूला, अशी ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. या देशातील कामगार कायद्याने हा प्रश्न उलटा फिरवला. ‘या माणसाची भाकरी तू का काढून घेतलीस, ते कारण दाखव,’ असे मालकाला विचारण्याची सोय त्याने केली. ती सोय घडवणाऱ्यांत जो एक माणूस अग्रभागी होता, तो साताऱ्याचा. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर हे त्यांचे नाव. त्यांची कारकीर्द, तिची पार्श्वभूमी, तिचे मोठेपण आणि तिच्या मर्यादा यांचा विचार आज करावयाचा आहे. हा विचार स्मरणरंजनासाठी नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता अमलात आणल्या, आणि ज्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यावर गजेंद्रगडकरांचे बहुतेक कामगारविषयक निकाल उभे होते, त्याची जागा नव्या संहितेने घेतली. घर मोडले जात असताना त्याचा पाया कोणी, कसा घातला होता हे पाहून ठेवणे शहाणपणाचे असते.

पाठशाळेतून न्यायालयात

सातारा आणि न्याय यांचे नाते जुने आहे. पेशवाईतील रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. सत्ताधीशाला त्याच्या तोंडावर दोषी ठरवणारा न्यायाधीश म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. गजेंद्रगडकरांचे घराणे मूळचे कर्नाटकातील गजेंद्रगडचे. काही पिढ्यांपूर्वी ते साताऱ्यात येऊन स्थायिक झाले. वडील बाळाचार्य संस्कृतचे विद्वान. थोरले बंधू अश्वत्थामाचार्य पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले. अशा घरात १६ मार्च १९०१ रोजी प्रल्हादचा जन्म झाला. शालेय शिक्षण साताऱ्यात, नंतर धारवाडचे कर्नाटक कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज, १९२४ साली एम. ए. आणि १९२६ साली पुण्याच्या लॉ कॉलेजातून सन्मानासह एलएल. बी. त्याच वर्षी त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या अपील शाखेत वकिली सुरू केली.

त्यांच्या वकिलीचा आरंभ गिरणीच्या फाटकापासून झालेला नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. त्यांचा व्यासंग हिंदू कायद्याचा होता. ‘हिंदू लॉ क्वार्टर्ली’ या नियतकालिकाचे संपादन त्यांनी केले, आणि ‘दत्तक मीमांसा’ या जुन्या ग्रंथाच्या त्यांनी सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीमुळे विद्वानांत त्यांची प्रतिष्ठा वाढली. मग दत्तकविधानाचा अर्थ लावणारा माणूस कामगाराच्या बडतर्फीपर्यंत कसा पोचला? उत्तर त्यांच्या शिक्षणातच आहे. मीमांसेचा अभ्यासक वाक्य वाचताना त्याचे प्रयोजन विचारतो. हा नियम कोणासाठी, कोणता दोष दूर करण्यासाठी सांगितला, हे ठरल्याशिवाय तो शब्दाचा अर्थ निश्चित करीत नाही. पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचा आणि मग सिद्धांताकडे यायचे, ही त्याची शिस्त. हीच शिस्त गजेंद्रगडकरांच्या निकालपत्रांत दिसते. मालकाच्या वकिलाचा युक्तिवाद ते इतक्या नेटकेपणाने मांडतात, की वाचणाऱ्याला वाटावे, आता कामगार हरला. मग ते कायद्याच्या प्रयोजनाकडे वळतात.

एकोणीस वर्षांच्या वकिलीनंतर मार्च १९४५मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्याच सुमारास त्यांच्या जन्मजिल्ह्यात, कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात, क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रतिसरकार चालू होते, आणि त्याची न्यायदान मंडळे गावोगाव तंटे सोडवीत होती. सावकार, गावगुंड, जमिनीचे आणि बांधाचे वाद यांचा निवाडा गावासमोर, वेळ आणि पैसा न दवडता होत होता. एकाच जिल्ह्याची माणसे एकाच वेळी न्यायाच्या दोन परंपरा चालवीत होती. पहिली कायद्याच्या पुस्तकातील, दुसरी लोकांच्या चावडीवरची. स्वातंत्र्यानंतर चावडी मिटली आणि पुस्तक राहिले. त्या पुस्तकात चावडीचे काही उतरावे, ही अपेक्षा ज्यांनी काही अंशी पुरी केली त्यांत गजेंद्रगडकरांची गणना करावी लागेल.

कामगार प्रश्नाशी त्यांचा निकटचा संबंध आला तो बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यामुळे. कामगार अपील न्यायाधिकरणाने बँक कर्मचाऱ्यांच्या बाजूने दिलेल्या निर्णयात केंद्र सरकारने फेरफार केले, तेव्हा १९५४ साली केंद्रीय कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. त्या वादानंतर नेमलेल्या आयोगाचे काम न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निधनामुळे गजेंद्रगडकरांकडे आले. १९५५ साली त्यांनी दिलेला अहवाल सरकारने स्वीकारला आणि त्यासाठी कायदा केला. जानेवारी १९५७मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

मिरजेची छोटी गाडी

ते दिल्लीला पोचले त्या वेळी नोकरीच्या संरक्षणाची स्थिती काय होती, हे समजण्यासाठी मिरजेच्या स्टेशनावर यावे लागते. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर अशी वाढत आलेली अडीच फुटी रुळांची ‘बार्शी लाईट’ १९२७ साली मिरजेपर्यंत आली. ढालगाव, कवठे महांकाळ या दुष्काळी मुलखातून ती जाई. ती एका खाजगी कंपनीची होती. १ जानेवारी १९५४ पासून सरकारने ती ताब्यात घेतली. त्याआधी, नोव्हेंबर १९५३मध्ये, कंपनीने आपल्या सर्व कामगारांना नोटीस दिली: ताबा जाईल त्या दिवशी तुमची नोकरी संपली. बहुतेकांना सरकारने पुन्हा कामावर घेतले. परंतु जुनी नोकरी तुटली होती, आणि १९५३ सालीच कायद्यात आलेल्या तरतुदीप्रमाणे कामगार कपातीची भरपाई, म्हणजे सेवेच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, कामगारांनी मागितली. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली.

२७ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. कपात म्हणजे चालू धंद्यातील जादा माणसे कमी करणे. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला तर ती कपात नव्हे, म्हणून भरपाई नाही. शब्दाचा अर्थ बरोबर लागला आणि माणूस उघड्यावर पडला. कामगारांत असंतोष पसरला. १९५७ साली आधी वटहुकूम आणि मग कायदा करून संसदेने धंद्याचे हस्तांतर आणि धंदा बंद होणे या दोन्ही प्रसंगी भरपाईची तरतूद केली. पण ती तरतूद लागू मानली गेली २८ नोव्हेंबर १९५६ पासून, निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. देशभरच्या कामगारांना बार्शी लाईटच्या माणसांनी जो हक्क मिळवून दिला, तो त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आला नाही. कवठे महांकाळच्या मुलखातील किती जणांना ठाऊक आहे, की कारखाना बंद पडल्यावर मिळणाऱ्या भरपाईच्या मागे या छोट्या गाडीच्या कामगारांचा पराभव उभा आहे?

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. कामगाराचे भवितव्य एका शब्दाच्या व्याख्येवर टांगलेले असते, ही पहिली. न्यायालयात हरलेली लढाई संघटनेच्या बळावर संसदेत जिंकता येते, ही दुसरी.

नोकरी आणि कारण

इंग्रजी राजवटीपासून चालत आलेला नियम सोपा होता. नोकरी हा करार. मालकाने नोटीस दिली, की तो संपला. मालकाने करार मोडला तरी कामगाराला फार तर नुकसानभरपाई मिळे. नको असलेला नोकर ठेवून घे, असे दिवाणी न्यायालय मालकाला सांगत नसे. औद्योगिक न्यायाधिकरण कामगाराला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश देऊ शकते, हे १९४९ साली फेडरल कोर्टाने मान्य केले तेव्हा या भिंतीला पहिली भेग पडली. भेगेचे दार करण्याचे काम पुढील पंधरा-सतरा वर्षांत झाले, आणि त्यातील मोठा वाटा गजेंद्रगडकरांच्या लेखणीचा आहे.

१९५७ सालच्या क्राऊन ॲल्युमिनियमच्या निकालात त्यांनी एक तत्त्व नोंदवले. जो उद्योग आपल्या कामगारांना निदान पोटापुरते वेतन देऊ शकत नाही, त्याला अस्तित्वात राहण्याचा हक्क नाही. ‘परवडत नाही’ हे मालकाचे कारण एका मर्यादेखाली ऐकलेच जाणार नाही, असा याचा अर्थ. १९६० साली मुंबईच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यातील साफसफाईचे काम कंत्राटदाराकडून करून घेण्याचा प्रश्न पुढे आला. काम रोजचे, कायमचे, कारखान्याच्या पोटातले. मग मधे कंत्राटदार कशाला? कंत्राट पद्धत बंद करा ही मागणी कायदेशीर औद्योगिक वाद ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि न्यायाधिकरणाचा कामगारांच्या बाजूचा आदेश कायम ठेवला. काम कायमचे आहे काय, ते उद्योगाला आवश्यक आहे काय, इतर ठिकाणी ते कायम कामगार करतात काय, या निकालातील कसोट्या पुढे १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात उतरल्या.

बडतर्फीच्या चौकशीसंबंधी १९६३ सालचा असोसिएटेड सिमेंटचा निकाल प्रत्येक युनियन कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे. कारखान्यातील चौकशी कशी चाले? कामगाराला आत बोलवायचे, सुरुवातीलाच त्याला प्रश्नांवर प्रश्न विचारून गोंधळवायचे, त्याच्या तोंडून काही वदवून घ्यायचे आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करायचे. गजेंद्रगडकरांनी हा क्रम अन्यायाचा ठरवला. आरोप करणाऱ्याने आधी आपला पुरावा मांडावा, कामगाराला उलटतपासणीची संधी द्यावी, आणि मग त्याचे म्हणणे ऐकावे. ज्या अधिकाऱ्याने गैरवर्तन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्याने चौकशी अधिकारी होऊन बसू नये. साक्षीदार आणि न्यायाधीश एकच माणूस असू शकत नाही. रामशास्त्र्यांच्या गावाजवळ वाढलेल्या माणसाला हे सुचावे यात नवल नाही. परंतु कारखान्याच्या टाइम ऑफिसपर्यंत ते पोचवणे ही मोठी गोष्ट होती.

त्याच वर्षी रेल्वे कर्मचाऱ्यांचा प्रश्न सात न्यायमूर्तींसमोर आला. कायम कर्मचाऱ्याला केवळ ठरावीक मुदतीची नोटीस देऊन, कारण न सांगता काढण्याचा अधिकार रेल्वेच्या नियमांनी प्रशासनाला दिला होता. मोतीराम डेका प्रकरणातील बहुमताच्या निकालपत्रात गजेंद्रगडकरांनी म्हटले, की कायम नोकरी म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत त्या जागेवर राहण्याचा हक्क. चौकशीशिवाय तो हिरावून घेणे म्हणजे कर्मचाऱ्याला पदावरून काढून टाकणेच होय, आणि ते राज्यघटनेच्या ३११व्या अनुच्छेदाच्या विरुद्ध आहे. बार्शी लाईट ज्या रेल्वेत विलीन झाली, त्या रेल्वेच्या मिरज जंक्शनवर काम करणाऱ्या कायम खलाशाला किंवा पॉईंट्समनला या निकालाने जी निश्चिंती दिली, तिची किंमत पगारात मोजता येत नाही.

१ फेब्रुवारी १९६४ रोजी गजेंद्रगडकर सरन्यायाधीश झाले आणि १५ मार्च १९६६पर्यंत त्या पदावर होते. कामगाराची एकट्याची बडतर्फी हाही औद्योगिक वाद मानावा, त्यासाठी युनियनने ती हाती घेण्याची अट असू नये, ही दुरुस्ती १९६५ साली संसदेने केली. १९७१च्या दुरुस्तीने मालकाने दिलेली शिक्षा जबर असेल तर ती बदलण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला मिळाला. महाराष्ट्राने १९७१ साली अनुचित कामगार प्रथांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो १९७५पासून अमलात आला. सूडबुद्धीने केलेली बडतर्फी, कायमपणाचे फायदे नाकारण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षे बदली किंवा हंगामी म्हणून ठेवणे, यांना त्या कायद्याने अनुचित प्रथा ठरवले. सातारा आणि सांगलीच्या कामगार न्यायालयांत कामगारांची बाजू मांडणाऱ्या वकिलांच्या हाती ही हत्यारे आली, ती अशी टप्प्याटप्प्याने.

उंबरठ्याबाहेरची माणसे

एवढे मोठेपण सांगितल्यावर दुसरी बाजू न सांगणे हा खोटेपणा होईल. नोकरीचे संरक्षण मिळवायचे तर आधी कायद्याच्या घरात प्रवेश मिळाला पाहिजे, आणि त्या घराचे दार म्हणजे ‘उद्योग’ या शब्दाची व्याख्या. हे दार गजेंद्रगडकरांनी उघडले आणि त्यांनीच ते काही माणसांच्या तोंडावर लावले.

१९६० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील वॉर्डमध्ये काम करणाऱ्या कमी केलेल्या नोकरांचे प्रकरण त्यांच्यापुढे आले. सरकारचे म्हणणे असे, की रुग्णालय नफ्यासाठी चालत नाही, म्हणून तो उद्योग नाही. गजेंद्रगडकरांनी ते फेटाळले. नफा ही कसोटी नव्हे. मालक आणि कामगार यांच्या संघटित सहकार्याने लोकांना सेवा पुरवली जाते काय, हे पाहायचे. रुग्णालय उद्योग ठरले. पण दोनच वर्षांनी, १९६२ साली, सॉलिसिटरांच्या पेढीतील नोकरांनी बोनस मागितला तेव्हा त्याच न्यायमूर्तींनी सांगितले, की वकिली हा बुद्धीचा व्यवसाय आहे. कारकून आणि टंकलेखक यांचा त्या बौद्धिक सेवेशी थेट संबंध येत नाही. म्हणून ही पेढी उद्योग नव्हे. १९६३ साली दिल्ली विद्यापीठाच्या कॉलेजच्या बसवरील चालकांना त्यांनी असेच परत पाठवले. शिक्षण हे ज्ञानदानाचे कार्य, शिक्षक हे कामगार नव्हेत, आणि बसचालकाचे काम तेथे गौण. म्हणून विद्यापीठ उद्योग नव्हे.

येथे शास्त्र्याच्या घरातील विद्येचा मान आड आला असे म्हणावेसे वाटते. ज्ञानदान पवित्र असेल, पण चालकाचे स्टेअरिंग पवित्र होत नाही आणि त्याच्या मुलांची भूकही. ज्या वकिलाच्या कचेरीत दुसऱ्याच्या बडतर्फीचे अर्ज रात्री जागून टाईप होतात, तेथील टंकलेखकाला स्वतःच्या बडतर्फीचा अर्ज करता येऊ नये, यापरता विरोधाभास कोणता? फेब्रुवारी १९७८मध्ये बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने हे दोन्ही निकाल मोडीत काढले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यासाठी ज्या कसोट्या मांडल्या, त्यांत मात्र गजेंद्रगडकरांच्याच रुग्णालय-निकालातील विचार पूर्णत्वास गेला होता.

त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा उत्तरार्धही असाच दुहेरी आहे. अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाला विरोध करणाऱ्या सत्संगी पंथीयांचे अपील १९६६ साली फेटाळणारे सरन्यायाधीश तेच. निवृत्तीनंतर पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. डिसेंबर १९६६मध्ये नेमलेल्या या आयोगाने १९६९ साली अहवाल दिला आणि सरकारच्या मर्जीपासून स्वतंत्र अशा औद्योगिक संबंध आयोगांची शिफारस केली. ती सरकारांनी कधी मनावर घेतली नाही. १९७१ ते १९७७ या काळात ते विधी आयोगाचे अध्यक्ष होते. म्हणजे १९७५ साली आणीबाणी आली, समाजवादी कार्यकर्ते येरवड्याला आणि नाशिकला तुरुंगात गेले, किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला, तेव्हाही ते त्या पदावर राहिले. मालकाकडे कारण मागणाऱ्या न्यायमूर्तीने त्या वेळी सरकारकडे कारण मागायला हवे होते, ही अपेक्षा कार्यकर्त्यांच्या मनात राहिली तर ती गैर नव्हे. १२ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. माणसाच्या कार्याचा हिशोब करताना जमा आणि नावे दोन्ही बाजू लिहाव्यात, हे त्यांच्याच निकालपत्रांचे वळण आहे.

शंभर की तीनशे?

आता आजच्या प्रश्नाकडे यावयाचे. आणीबाणीतच, १९७६ साली, औद्योगिक विवाद कायद्यात एक नवे प्रकरण आले. तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याने ले-ऑफ, कपात किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी, अशी त्यात तरतूद होती. १९८२च्या दुरुस्तीने, जी १९८४मध्ये अमलात आली, ही संख्या तीनशेवरून शंभरावर आणली. नव्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा तीनशेवर नेली आहे, आणि सरकारला ती अधिसूचनेने आणखी वाढवण्याची मुभा ठेवली आहे. नोकरीच्या शर्ती आणि गैरवर्तनाची व्याख्या ठरवणारे स्थायी आदेशही आता तीनशे कामगारांच्या वरच बंधनकारक आहेत. कंत्राटी कामगारांविषयीच्या केंद्रीय कायद्याची मर्यादा वीस होती. ती पन्नास झाली. मुदतबंद नोकरीला संहितेने रीतसर मान्यता दिली. अशा कामगाराला कायम कामगाराइतके वेतन आणि एका वर्षानंतर उपदान मिळेल, हे खरे. पण मुदत संपली की नोकरी संपते, आणि ती कपात मानली जात नाही. म्हणजे कारण विचारण्याची वेळच येत नाही.

हे एका रात्रीत घडलेले नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कायदे एकत्र करावेत आणि कारखाना बंद करण्याच्या परवानगीची मर्यादा तीनशेवर न्यावी, ही शिफारस २००२ साली दुसऱ्या राष्ट्रीय कामगार आयोगाने केली. त्याचे अध्यक्ष रवींद्र वर्मा. तेच १९७७च्या जनता सरकारात कामगारमंत्री होते. न्यायालयांनीही दिशा बदलली होती. १९९५ साली साखर कारखान्यातील हंगामी कामगाराची नोकरी हंगामाबरोबर संपणे ही कपात नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या प्रकरणात त्याने सांगितले, की कंत्राट पद्धत बंद झाली तरी कंत्राटी कामगार आपोआप मुख्य मालकाचा कामगार होत नाही. त्याच वर्षी सिप्ला प्रकरणात असे ठरले, की महाराष्ट्राच्या अनुचित प्रथांच्या कायद्याखाली तक्रार करायची तर मालक-कामगार हे नातेच वादग्रस्त असता कामा नये. कंत्राटी कामगाराचे तर सारे भांडण त्या नात्याचेच! १९६० साली जे दार उघडले होते, त्याला आतून कडी लागली.

कृष्णाकाठी याचा अर्थ काय होतो? येथे साखर कारखाने आहेत, सूतगिरण्या आहेत, औद्योगिक वसाहतींतील लहान फाउंड्र्या आणि यंत्रशाळा आहेत. तीनशेचा आकडा गाठणारी ठिकाणे थोडी. जेथे तो गाठला जाईल तेथे निम्मी माणसे कंत्राटदाराच्या हजेरीपटावर दाखवणे अवघड नाही. साखर कारखान्याच्या यार्डात गाडी रिकामी करणारा आणि बीडकडून येऊन फडात कोयता चालवणारा ऊसतोड मजूर तर या घराच्या अंगणातही पोचलेला नाही. मुकादमाच्या उचलीशिवाय त्याच्या नोकरीचा दुसरा कागद नसतो. या कारखान्यांपैकी कित्येक सहकारी आहेत, त्यांचे अध्यक्ष लोकनिर्वाचित आहेत, आणि तेथे मालक शेतकरी आहे असे सांगितले जाते. परंतु बडतर्फीच्या पत्रावर सहकाराचा शिक्का असला म्हणून भाकरीचा तुकडा मोठा होत नाही.

वकील, कामगार आणि कार्यकर्ता

औद्योगिक विवाद कायद्यामागील कायदेमंडळाची कल्पना अशी होती, की हा वाद मालक आणि कामगारांच्या प्रतिनिधींनी समोरासमोर मांडावा. दुसऱ्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी असल्याशिवाय वकील उभा राहू नये. हेतू चांगला होता. व्यवहारात कंपनीने कायद्याची पदवी घेतलेले अधिकारी नेमले, मालक-संघटनेचे पदाधिकारी म्हणून वकील उभे केले, आणि पदाधिकारी या नात्याने येणाऱ्या वकिलाला अडवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली पारादीप बंदराच्या प्रकरणात मान्य केले. मालकाचा बचाव करणारा वकील ही एक कसलेली, भरपूर मोबदला मिळणारी जात झाली आहे. त्याच्यासमोर कामगाराच्या बाजूने बहुधा युनियनचा सेक्रेटरी असतो, किंवा तालुक्याच्या ठिकाणचा एखादा वकील, जो फीचा विचार न करता फाईल हाती घेतो. असे वकील या दोन्ही जिल्ह्यांत होऊन गेले आणि आहेत. त्यांच्या वाट्याला प्रसिद्धी आली नाही. पण गजेंद्रगडकरांचे निकाल ज्यांनी कनिष्ठ न्यायालयात रोज वापरले, ते तेच.

त्यांच्या अनुभवाचे सार एका वाक्यात सांगता येईल: खटला न्यायालयात हरण्याआधी कागदात हरलेला असतो. बडतर्फ कामगार वकिलाकडे येतो तेव्हा त्याच्याजवळ नेमणूकपत्र नसते, पगाराची चिठ्ठी नसते, चार्जशीटला दिलेल्या उत्तराची प्रत नसते. कोऱ्या कागदावर सही मात्र केलेली असते. राज्याच्या कायद्याने अनुचित प्रथेच्या तक्रारीला नव्वद दिवसांची मुदत घातली. ती बहुधा गावच्या पुढाऱ्याकरवी मालकाची मनधरणी करण्यात निघून जाते. नव्या संहितेप्रमाणे वाद उत्पन्न झाल्यावर दोन वर्षांनंतर समझोता अधिकारी कार्यवाही करू शकत नाही.

म्हणून पक्षाच्या प्रत्येक तालुका शाखेने तीन कामे अंगावर घेतली पाहिजेत. कामगारांचे कागद गोळा करून त्यांच्या प्रती जपणे, हे पहिले: हजेरी कार्ड, पगारपत्रक, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, गेटपास, आणि मुकादमाने लिहून दिलेली चिठ्ठीसुद्धा. चौकशीला कामगाराबरोबर बसू शकेल असा शिकलेला सहकारी प्रत्येक कारखान्यात तयार करणे, हे दुसरे. कारण अर्धा न्याय चौकशीच्या त्या खोलीतच मिळतो किंवा हरपतो. तिसरे काम राजकीय आहे. तीनशेची अट, मुदतबंद नोकरी आणि कंत्राटदाराचा पडदा यांविरुद्ध मागणी विधानसभेत आणि संसदेत पोचवली पाहिजे. बार्शी लाईटच्या कामगारांनी खटला गमावला. पण त्या पराभवाचा आवाज इतका मोठा झाला, की काही महिन्यांत संसदेला कायदा बदलावा लागला.

गजेंद्रगडकरांच्या कारकिर्दीतून घ्यावयाचे ते हेच. चांगला न्यायाधीश दार उघडतो. पण त्या दाराला पुन्हा कडी लागू नये यासाठी बाहेर माणसे उभी असावी लागतात. ती माणसे एकत्र नसतील तर रुग्णालयाचा निकाल देणारा न्यायमूर्तीही बसचालकाला परत पाठवतो. मालकाने विचारलेल्या प्रश्नाला अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यायला येथला कामगार केव्हाच शिकला आहे. मालकाला प्रश्न विचारण्याचा त्याचा हक्क पुन्हा त्याच्या हाती देणे, हे आता कार्यकर्त्यांचे काम आहे.